डालड्याचा डबा

बाबांचा उजवा हात
त्यांच्या एकतीस वर्षं आधी पुरला.

जिनिंगमध्ये, दिवाळी उलटून आठच दिवस झाले होते,
सरकीपासून रुई सुटावी
तसा कोपराखालून सुटला.
मुनीमानं बेचाळीसशे रुपये मोजले,
सवयीनं उजवीकडं धरले,
मग डावीकडं.
मिशन दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, याचं काय करायचं?
बाबा गुंगीतच बोलले :
मपला हाय तो. द्या इकडं.

दोन किलोचा डालड्याचा डबा, पिवळा,
वर हिरव्या झावळ्यांचं झाड.
मी सहा वर्षांची. झाकण मी बसून बसवलं,
अक्षरशः वर बसून.
कुंडलिकेपलीकडं, कबरस्तानातल्या लिंबाखाली
पाळकसाहेबांनी वही चाळली.
लेकरांसाठी होती, म्हाताऱ्यांसाठी होती,
पाण्यात बुडालेल्यांसाठीसुद्धा होती.
हातासाठी प्रार्थना नव्हती.
शेवटी ते नुसतेच उभे राहिले, टोपी काढून.

त्यानंतर कितीतरी रात्री
बाबा दचकून उठायचे :
रिबका, हाताला मुंग्या आल्यात.
कोणत्या?
त्या.
आई हवेतच चोळायची,
कोपराच्या खाली, जिथं काही नव्हतं तिथं,
आणि बाबांना झोप लागायची.
मला लागायची नाही.
मला त्या मुंग्या दिसायच्या,
लिंबाखाली, डब्याच्या कडेनं, रांगेनं आत जाणाऱ्या.

रविवारी भक्ती सुटल्यावर
बाबा पाळकसाहेबांना गाठायचे.
प्रभू उठला तव्हा खिळ्यांची भोकं तशीच व्हती ना?
होती.
मग मी कसा उठन, थोटा का अख्खा?
गौरवी देह मिळेल, यशयाभाऊ. उणं काही राहणार नाही.
बाबा विचारात पडायचे.
त्याच्यावर गोंदण असन का?

कारण त्या हातावर आईचं नाव होतं.
लग्नाआधी बाजारात गोंदवून घेतलेलं,
गोंदणाऱ्यानं एक वेलांटी जास्तीची दिलेली : रिबीका.
आई म्हणायची, चुकीचं का होईना,
मी मरायच्या आधीच मपलं नाव मातीत गेलं.

बाबा मेमध्ये गेले.
काळ्या मातीला पाय जाईल एवढ्या भेगा.
आमच्याकडची माती एका जागी राहत नाही,
फुगते, फाटते, क्रूस कलते करते,
आजोबांची पाटी आता भिंतीकडं तोंड करून आहे.
मी शाळेत विज्ञान शिकवते.
हाडांचं काय होतं, किती दिवसांत होतं, फळ्यावर लिहिते.
तरी मीच सिमोनकाकांना म्हटलं,
आधी लिंबाखाली खणा. डबा काढा.
त्यांच्यासोबतच ठेवू.
त्या दिवशी एवढ्या गर्दीत
एका हातानं दुसरा कुठं शोधत बसतील?

टिकावाचे चार घाव झाले असतील.
आई उन्हातून आली, चप्पल हातात धरून.
थांब रे सिमोन.
आई, डबा...
तिथं कामून खणता? ती मपली जागा हाय.
आम्ही गप्प.
ती लिंबाच्या मुळीवर टेकली, धाप लागली होती.
त्याला हात घ्यायला इथवर यावंच लागन का नाही?
मग.
मी हितंच असन.

सिमोनकाकांनी पायानंच माती परत लोटली
आणि दुसरीकडं, भिंतीपाशी, कबर खणायला घेतली.
डबा होता की गंजून गेला होता,
मला कळलं नाही. मी विचारलंही नाही.

पेटी बंद करायच्या आधी आईनं
शर्टाची उजवी बाही हातात घेतली.
एकतीस वर्षं ती बाही दुमडून
कोपराशी पिन लावत आली होती, रोज सकाळी.
तिनं पिन काढली.
बाही पूर्ण लांब सोडली, बोटांनी सुरकुत्या मोडल्या,
कफाचं बटण लावलं.
आणि ती पिन
आपल्या पदराला लावून घेतली.